बर्फ नसताना बर्फातली मासेमारी : चॅटफिल्ड जलाशयावर उभ्या दोरीने वॉलाय धरायचा तो असा

डेन्व्हरला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी काठावर उभा राहून मासेमारी केली. लांब आमिष फेकायचं, गुंडाळत आणायचं, परत फेकायचं. मालवणात खाडीच्या काठावर गरवत मोठा झालेला माणूस मी, मला वाटायचं की पाणी बदललं तरी हात तोच आहे. पण संध्याकाळी पिशवी रिकामीच असायची.

मग एका जानेवारीत शेजारी मला इलेव्हन माइल जलाशयाच्या बर्फावर घेऊन गेला. आठ इंची भोक, दोन-अडीच फुटांची काठी आणि भोकाशेजारी गोल तबकडीचं एक यंत्र, ज्यात खाली आलेला मासा रंगीत रेघ होऊन दिसतो. दोरी सरळ खाली सोडायची, मासा आमिषाकडे येताना बघायचा आणि तो घेईपर्यंत आमिष नाचवायचं. अर्ध्या दिवसात त्या भोकाने मला जेवढं शिकवलं तेवढं काठाने दोन वर्षांत शिकवलं नव्हतं. बर्फ वितळल्यावर तीच पद्धत मी होडीतून चॅटफिल्डवर वॉलायसाठी, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातल्या एका शिकारी माशासाठी, सुरू केली. चुकत चुकत शिकलो. नव्याने येणाऱ्यांना तेवढं चुकावं लागू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

थोडं जागेविषयी. चॅटफिल्ड कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरलगतच्या लिटलटन गावाजवळ आहे. १९६५ च्या जूनमध्ये साउथ प्लॅट नदीला प्रचंड पूर आला आणि डेन्व्हरची वाताहत झाली. त्यानंतर लष्कराच्या अभियंता विभागाने हे धरण बांधलं, ते १९७५ मध्ये पुरं झालं. साउथ प्लॅट आणि प्लम क्रीक या दोन प्रवाहांच्या संगमावर ते असल्यामुळे जलाशयाला दोन फाटे आहेत आणि तळाशी दोन्ही प्रवाहांची जुनी पात्रं आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१. कागदपत्रं आधी, काठी नंतर

- कोलोरॅडोचा मासेमारी परवाना. वय १६ पूर्ण असेल तर लागतोच. राज्यात सलग सहा महिने राहिल्याशिवाय रहिवाशाचा स्वस्त परवाना मिळत नाही. परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं. डिसेंबरात घेतलात तर हाती चारच महिने राहतात.
- पहिल्यांदा परवाना काढताना ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक जवळ ठेवा.
- दोन काठ्या वापरायच्या असतील तर ‘सेकंड रॉड स्टॅम्प’ वेगळा घ्यावा लागतो. या पद्धतीत दुसरी काठी फार कामाची आहे, त्यामुळे तो घ्याच.
- स्टेट पार्कचा प्रवेश-पास. गाडीच्या नोंदणीबरोबर ‘कीप कोलोरॅडो वाइल्ड पास’ घेतला असेल तर वेगळा लागत नाही.
- मोटरची होडी असेल तर तिची नोंदणी आणि घुसखोर जलचरांविरुद्धचा एएनएस स्टॅम्प.

इथे एक सापळा आहे. हाताने उचलून पाण्यात सोडायच्या, वल्ह्याने चालवायच्या कयाकला नोंदणी लागत नाही. पण तिला छोटी बॅटरीवरची मोटर लावलीत की ती कायद्याने मोटरबोट होते, आणि नोंदणी, स्टॅम्प सगळं लागू होतं. पुष्कळजण मोटर विकत घेतात आणि हे त्यांना पाण्याच्या काठावर कळतं.

भारतातून आई-वडील आले असतील आणि त्यांच्या हातात काठी द्यायची असेल तर बाहेरच्यांसाठी एका दिवसाचा परवाना मिळतो. जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी तर कोलोरॅडोत कुणालाच परवाना लागत नाही. माझे बाबा त्याच रविवारी पहिल्यांदा माझ्याबरोबर होडीत बसले.

पकडायची मर्यादा आणि माशाची किमान लांबी जलाशयागणिक बदलते. चालू वर्षाची नियमपुस्तिका फोनवर उतरवून ठेवा. मित्राने सांगितलेला आकडा मागच्या वर्षीचा असू शकतो.

२. सामान : बर्फावरचं काय चालतं, काय चालत नाही

आमिषं सगळीच्या सगळी चालतात. जिगिंग रॅप (लहान माशाच्या आकाराचं वजनदार आमिष), छोटे चमचमते स्पून (धातूच्या पत्र्याची आमिषं), टंगस्टनचे जिग (डोक्याशी वजन असलेले गळ). टंगस्टन शिशाच्या सुमारे १.७ पट जड असतं, म्हणून तेवढ्याच वजनाचा जिग आकाराने लहान होतो आणि झपकन खाली जातो. तीस फूट पाण्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

सुरुवात करणाऱ्याने एकच आमिष घ्यायचं तर जिगिंग रॅप घ्या. पाच नंबरचा साधारण वीस फुटांपर्यंत, त्याहून खोल पाण्यात किंवा वाऱ्यात सात नंबरचा. दोरी त्याच्या पाठीवर मधोमध बांधतात, शेपटीला प्लास्टिकचा पंख असतो. वर झटका दिला की तो बाजूला झेपावतो आणि खाली पडताना वळसा घेऊन परत येतो. मूळ बर्फासाठीच केलेली ही वस्तू उघड्या पाण्यात वॉलायसाठी जास्तच कामाची ठरली.

बर्फावरची आखूड काठी कयाकमध्ये उत्तम. उंच कठड्याच्या होडीत मात्र दोरी कठड्याला घासते, मासा होडीखाली शिरला की तुटते. तिथे सहा फुटांच्या आसपासची, टोकाला चपळ अशी काठी घ्या. रिळावर दहा पौंडी विणलेली (ब्रेडेड) दोरी, तिच्या टोकाला छोटी स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, पुढे दोन-तीन फूट फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारी दोरी. स्विव्हल विसरू नका. जिगिंग रॅप गोल फिरतो, तासाभरात दोरीला असा पीळ पडतो की रिळावरून गुंताच निघतो.

जिवंत छोटे मासे आमिष म्हणून चालतात का, हा प्रश्न मला प्रत्येकजण विचारतो. इथे नाही. कोलोरॅडोत ५,००० फुटांच्या वरच्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला बंदी आहे, आणि चॅटफिल्ड त्याहून उंचावर आहे. गांडूळ चालतं. मला तेच पुरतं.

३. आधी मासे शोधा, दोरी नंतर सोडा

बर्फावर प्रत्येक नवी जागा म्हणजे नवं भोक आणि घामाघूम खांदे. होडीत ती फुकट मिळते, तरी माणसं एकाच जागी तासन्‌तास बसतात. तसं करू नका.

होडी अगदी सावकाश चालवत सोनारचा, म्हणजे आवाजाच्या लाटांनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा बघत जा. सपाट तळावर वेळ घालवू नका. तळ जिथे एकदम उतरतो ती कड, जुन्या नदीपात्राचा काठ, पाण्याखालचा उंचवटा, धरणाच्या दगडी भिंतीचा पायथा, या जागा धुंडाळा. चॅटफिल्डमध्ये आता पाणी साठवायची मर्यादा वाढवली आहे आणि पातळी बारा फुटांपर्यंत वरखाली होऊ शकते. त्यामुळे गेल्या वर्षी अठरा फुटांवर असलेला उंचवटा यंदा तितक्याच पाण्याखाली मिळेल याची खात्री नाही. जागा जीपीएसवर ठेवा, खोली दर वेळी नव्याने मोजा.

शरद ऋतूत पडद्यावर मधल्या पाण्यात ढगासारखा पुंजका दिसला तर ते शॅड माशांचे थवे असतात. त्यांच्या खाली तळाला चिकटून एकदोन जाड रेघा दिसल्या की थांबा. वॉलाय बहुधा तिथेच असतो. त्याच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, मांजरासारखा, म्हणून अंधूक उजेडात त्याला शॅडपेक्षा चांगलं दिसतं. पहाट, तिन्हीसांज आणि ढगाळ दिवस तुमचे.

मार्चच्या मध्यापासून राज्याचा वन्यजीव विभाग इथे जाळी लावून वॉलायची अंडी गोळा करतो. जाळ्यांना बोय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, असतात, त्यांच्यापासून दूर राहा. त्या दिवसांत धरणाच्या भिंतीजवळ मासेमारीवर बंधनं असतात, रॅम्पवरचा (होडी उतरवायच्या उतारावरचा) फलक वाचूनच पाण्यात उतरा.

४. होडी बर्फासारखी थांबली पाहिजे

सगळी पद्धत या एका पायरीवर उभी आहे. बर्फावर उभं राहिलं की आपण माशाच्या बरोबर डोक्यावर असतो आणि तिथेच राहतो. होडी वाऱ्यावर सरकते, दोरी तिरकी होते, आमिष माशापासून लांब जातं आणि यंत्रात दिसेनासं होतं. बर्फातलं तंत्र उघड्या पाण्यात चालत नाही असं म्हणणारे बहुतेकजण इथेच हरलेले असतात. दोष आमिषाचा नसतो.

पैसे असतील तर जीपीएसवर जागा धरून ठेवणारी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर घ्या. बटण दाबलं की ती स्वतःच होडीला त्या बिंदूवर आणत राहते. मी तीन हंगाम नांगरावर काढले आणि नांगरावरही काम होतं, फक्त त्याचे नियम पाळावे लागतात.

नांगराची दोरी खोलीच्या निदान पाचपट सोडा, वारा असेल तर सातपट. तीस फूट पाण्यात म्हणजे दीडशे ते दोनशे दहा फूट. तीस फूट पाण्यात पन्नास फूट दोरी सोडून नांगर धरत नाही म्हणून कुरकुरणारे मी खूप पाहिलेत, आणि पहिल्या वर्षी मीही त्यांच्यातच होतो. दोरी लांब असली की ओढ आडवी लागते आणि नांगर गाळात रुततो. आखूड असली की तो वर उचलला जातो.

एवढी दोरी सोडल्यावर होडी नांगरापासून बरीच मागे जाऊन थांबते. म्हणून माशांच्या जागेवर आधी मार्कर बोय टाका, तिथून वाऱ्याच्या दिशेने वर जा, नांगर सोडा आणि मागे सरकत बोयपाशी या.

नांगर नेहमी पुढच्या टोकाला, नाळेला बांधा. मागे, मोटरच्या बाजूला कधीही नाही. मागची बाजू बुटकी आणि जड असते. लाट आली की पाणी थेट आत येतं आणि नांगर होडीला खाली धरून ठेवतो. माणसं अशी बुडाली आहेत.

वारा किती चालेल? दोरीकडे बघा. ती सरळ खाली न जाता पाण्यात ठळक तिरकी दिसायला लागली तर आधी आमिष जड करा. तरीही तिरकी राहिली तर आडोशाच्या बाजूला जा. ताशी १५ मैलांच्या वर वारा गेला की मी त्या दिवशी ही पद्धत सोडून देतो.

५. तबकडी वाचायला शिका

बर्फावरचा फ्लॅशर, म्हणजे ते गोल तबकडीचं यंत्र, होडीत तसाच चालतो. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परतलेला टिपणारा भाग, एका दांड्याला बांधून पाण्यात सोडा, बरोबर उभा. होडी एका अंगाला कलली की ट्रान्सड्यूसरही कलतो आणि तुम्ही भलतीकडेच बघत बसता. सामान आणि माणसं दोन्ही बाजूंना सारखी बसवा.

ध्वनी शंकूच्या आकारात खाली जातो. वीस अंशांचा शंकू असेल तर दहा फुटांवर त्याचा घेर साडेतीन फूट रुंद असतो, तीस फुटांवर साडेदहा. उथळ पाण्यात जरा बाजूला दोरी सोडली तर आमिष दिसणारच नाही. काठीचं टोक ट्रान्सड्यूसरच्या फूटभर अंतरात ठेवा. आखूड काठीचा खरा फायदा हाच.

आता बघायचं काय? तळाची जाड रेघ खाली असते. आमिषाची बारीक रेघ तुम्ही काठी हलवली की हलते. तळाच्या जरा वर तिसरी रेघ उगवली, ती आधी हिरवी, मग नारिंगी, मग लाल झाली, तर मासा शंकूच्या कडेने मधे येतो आहे. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा हात थरथरतो. हात आवरा. लाल रेघ आमिषाच्या रेघेकडे वर चढायला लागली की आमिष तिथेच ठेवू नका, खाली तर मुळीच नेऊ नका. सावकाश, वीतभर वर न्या. मासा पाठलाग करत असेल तर रेघही वर येईल. अजून वीतभर. आपल्यापासून पळणाऱ्याच्या मागे वॉलाय जातो, अंगावर येणाऱ्यापासून मागे हटतो. दोन रेघा एक झाल्या की काठीच्या टोकाकडे बघा.

६. झटका किती, थांबायचं किती

आमिष तळाला टेकवा, दोरी ताणून फूटभर वर घ्या. मग मनगटाने झटका द्या आणि लगेच काठीचं टोक खाली न्या, म्हणजे आमिष सैल दोरीवर मोकळं पडेल. दोरी ताठ धरून खाली सोडलीत तर जिगिंग रॅप वळसा घेत नाही, शिशाच्या गोळीसारखा सरळ पडतो.

उन्हाळ्यात पाणी कोमट असताना झटका दीड-दोन फुटांचा आणि थांबणं दोन-तीन सेकंद. नोव्हेंबरात, मार्चमध्ये पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की अगदी बर्फावरच्यासारखं : सहा इंच उचला, आणि दहा सेकंद नुसतं धरून ठेवा. थंड पाण्यात मासा बघत राहतो. आपण थांबायला कंटाळतो, तो कंटाळत नाही.

बरेचदा ओढ जाणवतच नाही. मासा आमिष पडतानाच घेतो आणि पुढच्या झटक्याला काठी जड लागते, ओलं फडकं अडकावं तशी. जड लागलं की ओढा.

दहा मिनिटांत एकही रेघ वर आली नाही तर जागा बदला. गळ तळाशी अडकला तर जोर लावू नका. दोरी सैल सोडून काठीचं टोक टकटक हलवा, आमिषाचं स्वतःचं वजनच बहुतेक वेळा ते सोडवतं.

७. दुसरी, निवांत काठी

दुसऱ्या काठीला नुसता छोटा जिग आणि अर्धं गांडूळ लावा, तळापासून फूटभर वर ठेवा आणि काठी खोबणीत अडकवून विसरून जा. पहिल्या काठीचा नाच बघून मासा येतो आणि कित्येकदा निमूटपणे शेजारचं गांडूळ घेतो. होडीच्या हलक्या डुलण्याने त्या आमिषाला पुरेशी हालचाल मिळते. काही दिवशी माझे निम्मे मासे याच काठीला लागतात.

८. खोल पाण्यातला मासा वर काढण्याआधी

एका ऑक्टोबरात मी चाळीस फुटांवरून एक वॉलाय ओढला. नियमाला लहान पडला, म्हणून परत सोडला. तो खाली गेलाच नाही. पोट वर करून पाण्यावर तरंगत राहिला. डोळे बाहेर आलेले, तोंडातून जठराचा गुलाबी गोळा फुग्यासारखा बाहेर. शेपटी हलत होती. मी त्याला तीनदा खाली ढकललं, तीनदा तो वर आला. मग समुद्रपक्षी उतरला.

कारण साधं आहे. वॉलायच्या आणि पर्चच्या हवेच्या पिशवीला तोंडाकडे वाट नसते. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, पिशवीतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला जागा नसते. ट्राउटला ती वाट असते, तो हवा बाहेर टाकतो आणि तरतो. उभ्या दोरीची पद्धत खोल पाण्यात इतकी चांगली चालते की हे नुकसानही सहज होतं.

म्हणून तीस फुटांच्या खाली मी ‘धरा आणि सोडा’ करत नाही. खायला हवे तेवढे मासे झाले की उथळ पाण्यात जातो किंवा घरी. लहान मासेच लागताहेत असं दिसलं तर जागा सोडतो. तुम्हीही एवढं कराच, ही माझी विनंती आहे.

आणि खाणार असाल तर वॉलायसारखा गोड्या पाण्यातला मासा नाही. मांस पांढरं, घट्ट, काटे कमी. आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवला की बांगड्याची आठवण येत नाही. शिकारी मासा असल्याने काही पाण्यांत त्याच्यात पारा साठलेला असतो. गरोदर बायका आणि मुलांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाची त्या जलाशयाची सूचना आधी पाहा.

९. लाइफ जॅकेट अंगावर, होडीत नाही

कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांनी होडी चालू असताना ते घातलंच पाहिजे. मोठ्यांसाठी होडीत असलं तरी चालतं. मी कुणालाही न घालता बसू देत नाही. बर्फातली तंत्रं सगळ्यात जास्त चालतात तेव्हाच पाणी सगळ्यात थंड असतं. अशा पाण्यात पडलात तर पहिला एक मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय चालतात, त्यानंतर बोटांना होडीचा कठडा धरता येत नाही. शुद्ध तासभर राहू शकते, पण जॅकेट नसेल तर तो तास तुम्हाला मिळतच नाही.

१०. निघताना

होडी रॅम्पवर ओढली की तळाचं बूच काढा, आतलं सगळं पाणी सांडा, नांगराच्या दोरीवरचा गाळ आणि शेवाळ झटका. झेब्रा आणि क्वागा शिंपले एकदा जलाशयात शिरले की निघत नाहीत, म्हणून मोटरच्या होडीची उतरताना आणि निघताना तपासणी होते. तपासनीस हजर नसेल त्या वेळी होडी उतरवता येत नाही, तेव्हा त्यांच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा. निघताना होडी आणि ट्रेलर जोडणारी हिरवी सीलची तार आणि एक पावती मिळते. ती तार घरी गेल्यावर कापू नका. पुढच्या खेपेला शाबूत सील आणि पावती दाखवलीत तर रांगेतून लवकर सुटाल, आणि पहाटेची ती अंधुक वीस मिनिटं पाण्यावर मिळतील.